ब्रेक दाबल्यावर बोलणारी बाई

वेलचेरी, चेन्नई
फेब्रुवारी २००९

तंजावर मुक्कामी सुखरूप असणारे (असावेत) मेव्हणे सेतुमाधवराव यांस, त्यांच्या अक्केच्या यजमानांचा सप्रेम नमस्कार.

प्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. तुम्ही पाठवलेला अप्पळमांचा, म्हणजे तिकडच्या पापडांचा, डबा पोचला. अप्पळम उत्तम, तळल्यावर ताटाबाहेर जातात. परंतु तो डबा ज्या इंग्रजी वर्तमानपत्रात गुंडाळला होता त्यातले शब्दकोडे तुम्ही आधीच सोडवून टाकले आहे, तेही शाईने, आणि तेही चुकीचे. उभ्या सातव्या शब्दाला सहा चौकोन असताना तुम्ही सात अक्षरे कोंबली असून शेवटचे अक्षर हद्दपार झाल्यासारखे समासात उभे आहे. धाकट्या मेव्हण्याकडून मी हुंडा मागितला नव्हता. एक कोरे शब्दकोडे मिळावे एवढी अपेक्षा अवाजवी नसावी. असो. सौ. कनका यांची कंबर कशी आहे? तुमचा खोकला थांबला का, की अजून तोच घरात सर्वांच्या आधी उठतो?

आता मुख्य वृत्तांत, म्हणजे आमच्या मोटारसायकलचा. मला या शहरात बावीस वर्षे झाली तरी तमिळ अक्षरे मला ओळख दाखवत नाहीत, हे तुम्ही प्रत्येक लग्नकार्यात चारचौघांना सांगताच. शाळेत मी संस्कृत शिकवतो, घरी येतो, आणि मधला सगळा प्रदेश तुमच्या अक्केच्या भरवशावर ओलांडतो. ती मागे बसून सांगते, मी पुढे बसून वळतो. सुरुवातीला यात एक शास्त्रीय अडचण आली होती. तुमच्या घराण्यात रस्ता दिशांनी सांगतात, आणि आमच्या संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवाही. ती म्हणे, "दक्षिणेस वळा," की मी उजवीकडे वळे. पूर्वेला तोंड करून चाललो असलो तर दोघेही बरोबर ठरत असू. उरलेल्या तिन्ही दिशांना संसार धोक्यात येई. (सांतोमच्या समुद्रात आम्ही गेलो नाही, याचे श्रेय केवळ वाळूला आहे.) शेवटी तिने इथल्या लोकांसारखी तोड काढली. उजवा म्हणजे जेवता हात, डावा म्हणजे दुसरा हात. जेवणाच्या बाबतीत माझा गोंधळ होत नाही, हे तिने हेरले होते. त्यानंतर वीस वर्षे आम्ही रस्ता चुकलो नाही.

मात्र गेल्या दसऱ्यापासून चुकू लागलो. वळण मागे पडले की मागून आवाज येई, "अय्यो, जेवता हात म्हटलें होतें ना!" तिचे म्हणणे, ती वेळेवर सांगते, मीच ऐकत नाही. माझे म्हणणे, ती सांगते तेव्हा ते वळण इतिहासजमा झालेले असते. शेवटी मी कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, या वयाच्या मानाने कान लग्नाला उभे करण्याजोगे आहेत. हा निकाल घरी सांगितला तर ती म्हणाली, "कान चांगले असूनही ऐकत नाहीं म्हणजे मग स्वभाव." आणि यापुढे तुमच्या मागे बसणार नाही, रिक्षाने जाईन, असे जाहीर झाले. सेतुमाधवराव, हसू नका. संध्याकाळी कामाक्षीच्या देवळात, शनिवारी मंडईत, सणासुदीला कुणा ना कुणाकडे, एवढेच आमचे एकत्र फिरणे. ते बंद पडले तर आम्ही दोघे घरात समोरासमोर बसून काय करणार? म्हणून मला एका तटस्थ तिसऱ्या पक्षाची निकड भासली.

तो पक्ष अनिकेतकडे होता. (माझा पुतण्या. कंपनीने दोन वर्षे परदेशी पाठवला होता, तिथून त्याने रस्ता दाखवणारे एक यंत्र आणले.) यंत्र पावाच्या स्लाइसएवढे. आकाशातल्या उपग्रहांना विचारून आपण कुठे आहोत ते पडद्यावर दाखवते, आणि आतली एक इंग्रज बाई कुठे वळायचे ते सांगते. वाईट एवढेच की आतली बॅटरी मेलेली, त्यामुळे बाहेरून वीज मिळेपर्यंतच बाई जिवंत. म्हणजे तिला मोटारसायकलच्या बॅटरीवर पोसणे आले. गाडीची वीज बारा व्होल्टची, बाईंना पाच सोसते, म्हणून मध्ये एक डबी बसवायची. आणि वायर अशी शोधायची की किल्ली फिरवली तरच तिच्यात वीज येईल. नाहीतर आपण झोपलेले असताना बाई रात्रभर रस्ता शोधत बसते आणि सकाळी गाडी सुरू होत नाही.

या कामी वरच्या मजल्यावरचे गुंडोराव धावून आले. ते मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. (फक्त दारांचे. पण हे त्यांनी नंतर सांगितले.) आम्ही हेडलाइट उघडला. आत शेवयांचा उपमा सांडल्यासारख्या वायरी. गुंडोराव गाडीवर बसले, मी टेस्टरचा दिवा एकेका वायरीला लावू लागलो. ते किल्ली फिरवत आणि विचारत, "लागला?" मी म्हणे, "नाही." तपकिरी वायरीला मात्र दिवा लागला. किल्ली बंद, दिवा बंद. किल्ली चालू, दिवा चालू. याहून निर्दोष व्याप्ती (जिथे हे तिथे ते असणारच, असा संबंध) मी पाठशाळेतही पाहिली नव्हती. वायर सोलली, जोडली, काळी पट्टी गुंडाळली, आणि आम्ही एकमेकांचे अभिनंदन करून कॉफी प्यायलो.

परंतु न्यायशास्त्रात उपाधी नावाची एक वस्तू असते. ती लक्षात येत नाही, पण सगळे काम तीच करत असते. प्रस्तुत प्रकरणातली उपाधी म्हणजे गुंडोरावांचा उजवा पाय. तपकिरी वायर निवडली त्या शुभमुहूर्तावर तो आरामात ब्रेकवर विसावलेला होता. थोडक्यात, आम्ही बाईंना ब्रेकलाइटच्या वायरीला जोडले. ब्रेक दाबला की ती जागी होते, नमस्कार करते, उपग्रहांचा शोध घेते. ब्रेक सोडला की प्राण सोडते. चालत्या माणसाला मार्गदर्शन नाही, थांबलेल्याला आहे. (हे एखाद्या उपनिषदात खपून गेले असते.) मी पहिले दोन दिवस पाय ब्रेकवर अर्धवट दाबून गाडी चालवली. मागचा तांबडा दिवा अखंड पेटलेला. एका शेअर-रिक्षावाल्याने मला गाठून जे सांगितले, ते तमिळ येत नसतानाही मला संपूर्ण कळले.

इतक्यात अण्णा नगरला जयतीर्थांच्या नव्या घराची वास्तुशांत आली. मी म्हटले, रिक्षा नको, या यंत्राची परीक्षा होऊन जाऊ दे. तुमची अक्का रेशमी पट्टूसाडी नेसून मागे बसली, ती परीक्षा घेण्यापेक्षा नापास करण्यासाठीच. प्रत्येक सिग्नलला मी ब्रेक दाबे, बाई जाग्या होत आणि काही तरी पुटपुटत. मागून शेरा येई: "तिचें सगळें ऐकतां. मी बोललें कीं कान दुखतात." मी म्हटले, "ती ओरडत नाही." ती म्हणाली, "तिला तुमच्याबरोबर वीस वर्षें राहूं दे, मग ओरडेल." अशा खेळीमेळीत एग्मोर मागे टाकले आणि पुढे एका उड्डाणपुलापाशी आम्ही पुरते चुकलो.

मी एका पिंपरणीखाली गाडी उभी केली, पाय ब्रेकवर ठेवला आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने उपग्रह सापडले. बाई गप्प होत्या, पण पडद्यावर जाड निळी रेघ आणि तिच्यावर चकचकीत बाण, माझ्या विद्यार्थ्यांनाही समजेल असा. तुमची अक्का माझ्या खांद्यावरून वाकली. बराच वेळ पाहिले. मग समाधानाने म्हणाली, "मेली कीं तुमची बाई. काळें आहे सगळें."

सेतुमाधवराव, बाण तिच्या नाकासमोर होता.

मी म्हटले, "हो, गेली वाटते." आणि पाय उचलला. मग पडदा खरोखरच काळा झाला.

ती खूश झाली. "सरि, मला विचारा आतां. समोर काय आहे तें सांगा." मी कुरकुरत पाट्या वाचू लागलो, जणू मला त्या पाट्यांचाच राग आला आहे: काय ही इतकी औषधांची दुकाने, ही कसली मुलींची शाळा, हा कुठला वाहतुकीचा गोल. इंग्रजी तेवढे मला वाचता येते. ती डोळे मिटून ऐकत होती. "शाळा आली? मग दुसरा हात. मग गोल येईपर्यंत सरळ." पाट्या मी वाचल्या, रस्ता तिने सांगितला, आणि आम्ही होमाच्या पूर्णाहुतीला पोचलो. जेवताना पंगतीत तिने सगळ्यांना सांगितले की यंत्र बंद पडले आणि शेवटी तीच उपयोगी पडली. मी दुजोरा दिला. पायसम दोनदा घेतले.

येणेप्रमाणे वर्तमान. सौ. कनका यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
त्र्यंबक

ता. क. गुंडोराव वायर बदलून देतो म्हणून मागे लागले आहेत. मी त्यांना सांगितले आहे की दारे पाहा.

ता. क. दुसरा. आता खरे काम. तुम्ही चार दिवसांसाठी इकडे या. 'मला चष्मा लागला आहे, एग्मोरच्या डोळ्यांच्या इस्पितळात जायचे आहे, एकट्याला भीती वाटते,' असे तुम्ही अक्केला सांगा. ती तुमच्याबरोबर येईल. तिथे गेल्यावर तिचेही डोळे दाखवा. मी नेले तर म्हणेल, कानांचा सूड काढता. पत्राचा उल्लेख करू नका.

ता. क. तिसरा. पूर्वी माझे प्रत्येक पत्र ती पाकिटात घालण्याआधी वाचायची आणि 'हें असें लिहितात होय?' म्हणून दोन वाक्ये खोडायची. हे तिच्या समोर टेबलावर उघडे पडले होते. ती म्हणाली, "त्यांत काय वाचायचें, पेटींत टाकून द्या." तुमच्या आईंची नजर हळूहळू अशीच गेली होती, आणि त्यांनी वर्षभर कुणाला कळू दिले नव्हते, हे मला विजयानेच, तुमच्या अक्केनेच, सांगितले होते. ती आंधळी होईल याची मला भीती वाटते. आणि मला न सांगता होईल, याची त्याहून जास्त.