उलटा पीळ

मुंबई,
९ फेब्रुवारी १९६४

चि. हिरा हीस वामनचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. शाळेत शिकवायला लागल्यापासून तू माझ्याच पत्रातल्या चुका काढून पाठवतेस, हे बरे नव्हे. मीही आता लेखक झालो आहे. अक्षर बरे म्हणून आमच्या नौदलाच्या स्क्वाड्रनचा, म्हणजे विमानांच्या तुकडीचा, इतिहास लिहायची वही माझ्याकडे आली आहे. पहिली विमाने जहाजावर कधी उतरली, गोव्याच्या वेळी काय धावपळ झाली, सगळे त्यात लिहिले.

पण गेल्या महिन्याचे पान लिहवत नाही. आमचे एक जेट जहाजावर उतरायला येताना इंजिन बंद पडून समुद्रात गेले, आपल्या घिवलीच्याच समोर, दहाबारा मैलांवर. ते चालवणारे वर्गीस साहेब गेले. ना ते सापडले, ना विमान. त्या सकाळी ते विमान तपासून सही मी केली होती. इंधनाच्या नळीचा नट सैल होऊ नये म्हणून त्याला तार पिळून बांधतात. ती बांधायची राहिली, असा चौकशी अधिकाऱ्यांचा संशय आहे. तसे ठरले तर नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल.

बाबांना एवढ्यात सांगू नकोस. तब्येतीला जप.

तुझा दादा,
वामन

*

घिवली,
१६ फेब्रुवारी १९६४

ती. दादास हिराचा शि. सा. न. वि. वि.

आधी मला माफ कर. तुझे पत्र नेहमीसारखे ओट्यावर बसून मोठ्याने वाचायला घेतले. बाबांना सांगू नकोस हे वाक्य आले, तोवर सगळे वाचून झाले होते. बाबा डोलीचे जाळे दुरुस्त करत होते. त्यांचा हात थांबला, आणि मग जे सांगितले ते ऐकून मी घाबरले.

तीन आठवड्यांपूर्वी डोलीत एक वाकडी नळी आली होती. टोकाला नट आणि नटाला बारीक तार. होडीवरच्या माणसांना ते नुसते लोखंड दिसले. बाबांनी तार बोटात धरून पाहिली. लहानपणी जाळ्याची दोरी वळताना तुझ्या डाव्या हाताचा पीळ उलटा पडायचा आणि तू मार खायचास, आठवते ना? ही तारही तशीच उलटी पिळलेली होती. विमान पडल्याचे गावात कळलेच होते. बाबा म्हणाले, माज्या पोराच्या हातचं काम हाय ते, कुनाच्या नजरेला पडायला नको. बुडालेल्या माणसाची वस्तू नारळ देऊन समुद्राला परत करायची आणि घरी तिचे नाव काढायचे नाही, ही आपली रीत. त्याच रीतीने त्यांनी ती खोल पाण्यात सोडली.

मला यातले कळत नाही. तार होती हे चांगले की वाईट, ते लवकर कळव.

लोभात अंतर पडू देऊ नकोस.

तुझी बहीण,
हिरा

*

मुंबई,
२० फेब्रुवारी १९६४

चि. हिरा हीस आशीर्वाद.

तार जागच्या जागी होती, म्हणजे नट बांधलेला होता! पीळ उलटा असला म्हणून काही बिघडत नाही. मला सोडवणारी एकच वस्तू या जगात होती आणि ती माझ्या बापाने नारळ देऊन बुडवली. विचारायचे तरी एकदा! पोराच्या हातचे म्हणजे चुकलेलेच असणार, हे त्यांनी कशावरून धरले? आज याहून जास्त लिहवत नाही.

वामन

*

घिवली,
१ मार्च १९६४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र बाबांना वाचून दाखवले, एकही शब्द न गाळता. दुसऱ्या दिवसापासून ते त्याच जागी डोल टाकताहेत. आठ दिवस झाले, हाती काही नाही. मासळी कमी येते म्हणून होडीवरची माणसे कुरकुरतात. बाबा धड जेवत नाहीत. आज म्हणाले, नळी नाय तर मी जातो, मी बगितलंय. उद्या बोईसरला गाडीत बसतील. त्यांना शहरातले काही कळत नाही, तेव्हा घ्यायला नक्की ये. राग नंतर काढ.

हिरा

*

मुंबई,
१२ मार्च १९६४

ती. बाबांस वामनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आज निकाल आला. मी निर्दोष. इंजिन का बंद पडले ते समजले नाही, असे लिहिले आहे. वहीतही मी तेच लिहिले, आणि वर्गीस साहेबांचे पूर्ण नाव.

तुम्ही साक्ष द्यायला आलात त्या दिवशी अधिकाऱ्यांनी तुम्हांला विचारले की बाप असताना तुमच्या साक्षीवर विश्वास का ठेवावा, आणि तार दिसली होती तर नळी का टाकली. तुम्ही सरळ सांगितलेत, मला वाटलं माज्या पोरानंच त्या मानसाला मारलं. दुभाष्या साहेबांनी ते इंग्रजीत सांगितले तेव्हा अधिकाऱ्यांनी ते लगेच लिहून घेतले. खोटे बोलायला आलेला बाप असे सांगत नाही, असे अधिकारीच नंतर म्हणाले.

साक्षीनंतर तळाच्या फाटकापर्यंत मी तुमच्याबरोबर चाललो आणि एक शब्द बोललो नाही. मला तुमचा फार राग आला होता. आता खरे सांगतो. ती तार बांधल्याचे मला आठवतच नव्हते. चार विमाने तपासायची होती, सवयीने सही करून मोकळा झालो. तुम्हांला जे त्या होडीत वाटले, ते मला रोज वाटत होते, आणि तुमच्या तोंडून ते ऐकवले नाही.

हिरा हे मोठ्याने वाचेल. वाचू द्या. माझ्यावर माया राहू द्या.

तुमचा,
वामन