पपईचे नर

५ ऑक्टोबर १९९८

परत तेच! फोन केला की आईचं सुरू — श्यामलाला माहेरी धाड, तुला दुसरी बघते. लग्नाला चार वर्षं झाली, पहिली दोन मी घरीच होतो, तरी पाळणा हलला नाही. मग मी काय करू? मधेच श्यामलाने फोन घेतला. "एकदा तुम्हीपण डॉक्टरला दाखवा ना." डोकंच फिरलं. आमच्या घराण्यात असलं काही नसतं म्हटलं आणि फोन आपटला!

८ ऑक्टोबर

रागारागात कोयती घेतली, मालकाच्या बागेतले पपईचे सगळे नर तोडले. नुसते फुलांचे लांब तुरे सोडतात, पाणी पितात, फळ नाही. गावी परसात नर दिसला की आई त्याच दिवशी तोडते. अर्बाब, इथे मालकाला तसंच म्हणतात, मस्कतला गेलाय. आला की खूश होईल.

२० ऑक्टोबर

आईला म्हटलं, कर तुला काय करायचं ते.

१९ नोव्हेंबर

माद्यांखाली फुलांचा सडा. उमलतात नि गळतात, एक धरत नाही! खत घातलं. पाणी वाढवलं. शेवटी एकीच्या बुंध्यावर लाथ घातली — वांझ मेली!

२२ नोव्हेंबर

अर्बाब आला. तोडलेले बुंधे बघून डोकं धरून खालीच बसला! मग आरडाओरडा. ड्रायव्हर हुसैनमियाँ आमच्या रत्नागिरीचे, त्यांनी समजावलं. "अरे गाढवा, सगळ्या पोरी ठेवल्यास नि नवरे मारलेस? आता फळ धरणार कुठून?"

मी म्हटलं, मग आमच्या गावी कसं धरतं?

"गावी शेजाऱ्याच्या परसात नर असतोच. इथे कुंपणापलीकडे काय आहे? वाळू!"

यंदाची सुट्टी खलास, आधी नवीन रोपं लाव म्हणाला अर्बाब. सुट्टी गेली खड्ड्यात. ज्या झाडाला लाथ घातली त्याचं काय चुकलं होतं?

जेवण गेलं नाही. श्यामलाचं ते वाक्य कानातून जात नाही.

३ डिसेंबर

सोहारला जाऊन तपासून घेतलं. कोणाला बोललो नाही. डॉक्टर म्हणाला, "बीवी को दवा मत पिलाओ. कमी आप में है." परत विचारलं. परत तेच.

मी!

४ डिसेंबर

आईला सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "हे कुणाला बोलू नको हां." म्हटलं, श्यामलाला फोन दे. तर म्हणे, "तूच म्हणालास ना, कर काय करायचं ते? दुसऱ्याच दिवशी पोचवली तिला माहेरी." दीड महिना झाला! आणि मला कुणी सांगितलं नाही. मीपण विचारलं नाही.

५ डिसेंबर

पंचेचाळीस रियालचा ड्राफ्ट काढला. या वेळी आईच्या नावावर नाही. श्यामलाच्या नावावर, तिच्या माहेरच्या पत्त्यावर. सोबत डॉक्टरचा कागद.