डाव्या कुशीतली पोकळी

३ नोव्हेंबर, सोमवार

लाँचच्या डाव्या कुशीला आवाज बद्द येतोय! हातोडी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. बाकी सगळीकडे खणखणीत, फक्त पुढच्या अंगाला हातभर जागा मुकी. म्हणजे दोन थरांच्या मधला फोम तिथे धरलाच नाही. मुकादम गुणाजी म्हणतो, एवढंसं चालतं मॅडम. चालतं काय! फोम घातलाय कशासाठी? मालवाहू बार्ज धडकली तर बाहेरचा थर फुटेल, फोम चेपेल, आतला थर मात्र शाबूत राहील — म्हणून. मागच्या हिवाळ्यात धुक्यात ह्याच लाँचला बार्जने मारलं, तेव्हा आत काहीच नव्हतं. माझे मोठे दीर काळुराम तिचे तांडेल, सुकाणू त्यांच्याच हाती. बुडालेली लाँच वर काढली, ते सापडलेच नाहीत.

आता दुरुस्तीनंतर तिच्यावर निकेश जाणार. माझा नवरा! आणि तपासणीची सही माझी. नाही करणार.

५ नोव्हेंबर

मुकी जागा वाढलीय. परवा खडूने आखली होती, आज आखणीच्या बाहेर पार माझ्या खांद्यापर्यंत बद्द. फोम असा आपोआप सुटत नाही. गुणाजीला ऐकवलं. त्याने नुसती टोपी काढली.

६ नोव्हेंबर

गुणाजीने सांगून टाकलं एकदाचं.

माणूस सापडला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. काळुभाऊंचाही केला होता, पण सासूबाईंनी तो जाळू दिला नाही. पुढे कुठे गेला, कुणी विचारलं नाही. फोम ओतायच्या दिवशी नारळ द्यायचं निमित्त करून त्या यार्डात गेल्या आणि तो पुतळा दोन थरांच्या मधे सोडला! गुणाजीने बघून न बघितल्यासारखं केलं.

असा राग आला! वडखळच्या यार्डातून अष्टमी गावातल्या घरापर्यंत धुमसत आले. सासूबाई मासे साफ करत होत्या. मिठागरात जन्म काढलेली बाई, आवाजसुद्धा चढला नाही.

"काढू नको गो त्याला. धाकट्याला सांभाळायला ठेवलाय."

मी म्हटलं, आई, पाचोळा नाही सांभाळत, फोम सांभाळतो. त्या रडल्या. मलाही वाईट वाटलं, पण निकेशच्या जिवाचा प्रश्न आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

आतला थर कापला. पान नाही. काडी नाही.

फोममध्ये नुसती पोकळी — पुरुषभर. डोकं, खांदे, वाकलेले गुडघे. दोन्ही तळहात बाहेरच्या थराला लावलेले, दार आतून लोटून धरावं तसे. बोटांची पेरंसुद्धा उमटलेली. पुतळा हातभरच होता, गुणाजी शपथेवर सांगतो.

मला भीती वाटली. फार भीती वाटली. तरी म्हटलं, भरा. फोम फुगत वर आला तेव्हा आतून कुणीतरी मोठा सुस्कारा सोडला. हवा निघतेच अशी. निघतेच!

१२ नोव्हेंबर

सगळीकडे खणखणीत. सही केली. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत.

१५ नोव्हेंबर

चाचणीला गेलेल्या लाँचला खाडीच्या तोंडाशी बार्ज लागली! डावीच कुशी. फोन आला तेव्हा मी पेण स्टेशनवर. पण बाहेरचा थर फाटला, फोम चेपला आणि आत पाण्याचा थेंब नाही! निकेश धक्क्याने पाण्यात पडला होता, त्याला लगेच वर घेतलं. रात्रभर दवाखान्यात ठेवतील, उद्या घरी. फलाटावर बसून रडले. माझंच बरोबर होतं.

१६ नोव्हेंबर

निकेश आला. अंगावर ओरखडा नाही. मी पुढे धावले तर मागे सरला, धाकट्या भावाच्या बायकोसमोर उभं राहावं तशी मान खाली घालून. मग सासूबाईंना हळूच विचारलं —

"आये, निकेश नाय आला अजून?"