बिलोलीचा चार्जर

अण्णा, तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली. तुम्ही उमरीला लाईनमन होतात तेव्हा रिक्षा विजेवर चालतील असं कुणी म्हटलं असतं, तर तुम्ही हसला असतात. आता त्या चालतात, आणि जिल्ह्यात त्यांच्यासाठी चार्जर उभे करायचं काम माझ्याकडं आहे. समन्वय म्हणतात त्याला. वीज कंपनी, नगरपालिका, बांधकाम खातं, सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचं. ते बसतात, चहा पितात, माना डोलावतात आणि उठून जातात.

बिलोलीत चार्जर उभा राहून आठ महिने झाले, त्यात वीज नाही. वीज कंपनी म्हणते, केबलसाठी रस्ता खोदायची परवानगी आणा. बांधकाम खातं म्हणतं, रस्ता नगरपालिकेकडं गेला. नगरपालिका म्हणते, गेला असेल तर कागद दाखवा. तो कागद मी तिन्ही कार्यालयांत शोधला. कुठंच नाही.

त्या चार्जरच्या भरवशावर एका बाईनं जुनी रिक्षा काढून विजेची घेतली. नवरा वारल्यापासून ती शाळेच्या पोरी नेते-आणते. रिक्षावाल्यांच्या मेळाव्यात तिनं मला विचारलं होतं, "म्याडम, खरंच चालू होईल न्हवं?" मी म्हणाले, "महिन्याभरात." परवा तिच्या घरची लाईन गेलेली, बॅटरी अर्धीच भरलेली. पाच पोरींना दहावीच्या पेपराला नेताना रिक्षा माळावर बंद पडली. पाचही जणी उन्हात पळत निघाल्या. तिघी पोचल्या. दोघींना उशीर झाला म्हणून आत सोडलं नाही.

काल ती नांदेडला माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"त्या दोघींच्या मायबापाला काय सांगू, म्याडम?"

"पाठपुरावा चालू आहे," मी म्हणाले.

"कुणाच्या मागं लागून राहिल्या तुम्ही? त्या माणसाचं नाव सांगा. मी जाते त्याच्याकडं."

माझ्याकडं नाव नव्हतं, अण्णा. इतकी खाती, इतक्या बैठका, आणि बोट दाखवायला एक माणूस नाही.

मला तो दिवस आठवतो. वादळानं तारा तुटल्या होत्या, मी दहा वर्षांची, तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर. एका म्हाताऱ्यानं विचारलं, लाईट कवा येईल? तुमच्या आधी मीच ओरडले, "आत्ता येईल!" घरी आल्यावर आई भाकरी थापत होती आणि तुम्ही ताटावर न बसता मला म्हणालात, "जा, त्याला सांगून ये, ठावं न्हाई म्हणून. तू बोललीस म्हणून तो मोटरीपाशी बसून ऱ्हाईल." आई म्हणाली, लेकरू हाय, जेवू द्या. तुम्ही ऐकलं नाहीत. मी रडत गेले. म्हातारा खरंच विहिरीवर बसला होता.

आणि आता खरं सांगते. गेल्या महिन्यात वरून माहिती मागवली होती. साहेब म्हणाले, चार्जर उभा आहे ना, मग कार्यान्वित लिहा. मी लिहिलं, सही केली. कागदावर तो चालू असल्यामुळं आता कुणी त्याबद्दल विचारतसुद्धा नाही. त्या दोन पोरींचा पेपर माझ्या सहीनं बुडाला, असं मला सारखं वाटून राहिलंय.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. आज सकाळी दुसरंही एक पत्र लिहिलं, चार्जर बंद आहे, माझी माहिती चुकीची होती, एवढंच. त्याला पत्ता आहे, जावक क्रमांकही पडलाय. तेही मी पाठवलेलं नाही.