गुळवेलीचा काढा

नागपूर, दवाखान्याची धर्मशाळा

तीर्थरूप बाबा,

साधनाचा नमस्कार. फोनवर तुमाले नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहून राह्यली. मी बरी हाये. जेवण जाते. तोंडावरची सूज उतरली.

डॉक्टरीणबाईनं आज समजावून सांगतलं. अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, अन् त्याईले थांबवणाऱ्या बी असतात. माह्या अंगात थांबवणाऱ्या कमी पडल्या. लढायचे निरोप फिरतच राह्यतात, अन् त्या पेशी माह्याच किडनीले खाऊन राह्यल्या. ऐकून मले ना रडू आलं, ना भेव वाटलं. खिडकीतून वाळत घातलेल्या चादरी पायत बसली.

चार महिने झाले, तुमी दर आठवड्याले एस्टीनं गुळवेलीचा काढा पाठवता, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. मी रोज घेतला. बाई म्हणे, त्यानं या लढणाऱ्याईलेच जोर येते, बंद करा. तवा आता पाठवू नका.

तूर सोंगून झाली काय? माह्या वैभवीची वेणी तुमीच घालता काय? घट्ट घालत जा, तिचे केस सुटतात.

हे वाचून तुमी विळा घेऊन निंबावरच्या गुळवेलीकडे जासान, मले माहीत हाये. वेल तोडू नका. तिचं काही चुकलं नाही, बाबा.

तुमची,
साधना