हॅगिसमध्ये काय असतं, सिस्टर?

शनिवार, चोवीस जानेवारी, सकाळी साडेअकरा. सिस्टर, त्या मिनिटाला तुम्ही माझ्या मनातून उतरलात. वेळ मुद्दाम लिहून ठेवतेय. जन्मभर टेलिफोन खात्यात नोकरी केलेल्या बाईला तक्रार कशी लिहायची ते कळतं, आणि ही तक्रारच आहे. तुम्हांला जाऊन कितीतरी वर्षं झाली, ही सबब मी ऐकून घेणार नाही.

गॉलवेत मुलाच्या स्वयंपाकघरात हे घडलं. निवृत्त झाले, मग आमचे हे गेले, तेव्हापासून मी इथेच असते. सून शेजारच्याच देशातली, स्कॉटलंडची. तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, नाताळानंतर राहायला आल्या त्या अजून आहेत. पंचवीस जानेवारीला त्यांच्याकडे त्यांच्या लाडक्या कवीच्या नावाने मोठं जेवण असतं आणि त्या जेवणात मान हॅगिसचा, हे तुम्हांला मी काय सांगायचं! तिकडून मांस इकडे आणू देत नाहीत आणि इथल्या दुकानातलं बाईंना चालत नाही, म्हणून त्यांनी ते घरीच करायचा घाट घातला. "हॅगिस म्हणजे काय ते माहितेय का तुम्हांला?" त्यांनी मला विचारलं. आमचं बोलणं सगळं इंग्रजीत चालतं. मी मान ताठ करून म्हटलं, "माहितेय म्हणजे? आमच्या शाळेतल्या सिस्टर तिकडच्याच होत्या. ओट्स, कांदा आणि मिरी." "आणि?" "आणि काय? एवढंच." विहीणबाईंनी खाटकाकडून आणलेली पिशवी ओट्यावर रिकामी केली. मेंढीची कलेजी, हृदय, फुप्फुसं, त्यांना लोंबकळणारी श्वासनळी. दुसऱ्या पिशवीत पोट. आमच्या भाषेत वजडी.

मी पाट्यासारखी थंड पडले. दर जानेवारीत तुम्ही व्याकरणाचं पुस्तक मिटायचात आणि तुमच्या बेटावरच्या त्या रात्रीचं वर्णन करायचात. बाहेर समुद्राचा वारा, आत चुलीचा उजेड, बॅगपाइप वाजवत पुढे चालणारा काका, ताटात हॅगिस, सुरी उगारून कविता म्हणणारे तुमचे वडील. कोल्हापुरातल्या आम्ही चाळीस मुली तोंड उघडं टाकून ऐकायचो. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, हॅगिसमध्ये काय असतं सिस्टर? आणि तुम्ही दरवर्षी तेच उत्तर द्यायचात. ओट्स, कांदा, मिरी. मी ते आयुष्यभर उपम्यासारखं काहीतरी समजत आले. अख्खी मेंढी गाळलीत तुम्ही, सिस्टर. तीही ज्या वर्गाला खोटं बोलण्याबद्दल छड्या मारल्यात त्या वर्गासमोर.

पण एवढ्यासाठी मी लिहायला बसले नसते. लहान मुलींना किळस वाटेल म्हणून नाही सांगितलं, असं म्हणता आलं असतं. मी लिहितेय ती सहावीतल्या त्या सोमवारसाठी. आदल्या दिवशी रविवार. आईने वजडी आणलेली, चुन्याच्या पाण्यात घालून, सुरीच्या पाठीने खरवडून टॉवेलसारखी पांढरी केलेली. सोमवारी डब्यात सुकी वजडी आणि भाकरी. मधल्या सुट्टीत वास सुटतो, बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावतात, आणि तुम्ही येता. काय आहे हे, चाइल्ड? मी उभी राहते. नवीन नवीन इंग्रजी येतंय, त्याच्याच तोऱ्यात सांगते, "स्टमक, सिस्टर. ऑफ गोट." वर्ग फुटतो हसून. तुम्ही हसत नाही. डबा उचलून नाकाजवळ नेता, आणि मग म्हणता, "माणसं हे खात नाहीत, चाइल्ड." मला हाताला धरून अंगणात नेता आणि शाळेच्या पांढऱ्या कुत्र्यासमोर माझा डबा ठेवता. त्याने तो चाटूनपुसून साफ केला. मग तुम्ही मला तुमच्या खोलीत नेऊन स्वतःच्या बशीतलं जॅम लावलेलं पाव-बटर दिलंत, माझे डोळे पुसलेत. इतक्या प्रेमाने पुसलेत की मला वाटलं, या बाई म्हणतील तेच खरं.

घरी जाऊन मी आईला सांगितलं. ती आधी हसली. "मग तुझी शिष्टर काय खाती गं?" पाव आणि जॅम, मी म्हटलं. "असू दे. मोठ्या लोकांची पोटं नाजूक असत्यात." पण त्यानंतर तिने मला ते कधी वाढलं नाही. वडिलांना आवडायची म्हणून वजडी व्हायची, पण तेवढ्यापुरतं वेगळं पातेलं, वेगळी पळी. मला त्या वेळी शेजारी अभ्यासाला पाठवायची, वास नको म्हणून. एकदा वही विसरले म्हणून परत आले तर आई मागच्या दाराच्या पायरीवर, घराकडे पाठ करून, घाईघाईने वजडी-भाकरी खात होती. स्वतःच्या घरात, स्वतः शिजवलेलं, चोरासारखं. यात माझा दोष काढायला बसू नका. मी अकरा वर्षांची होते. आणि मोठी झाल्यावर का नाही मागितलीस, हेही विचारू नका. तोवर मला खरोखरच किळस यायला लागली होती. तुम्ही शिकवलेलं कच्चं कधी राहायचं नाही.

तर त्या शनिवारी ते पोट सिंकमध्ये पडलेलं. खाटकाने वरवर धुऊन दिलेलं. विहीणबाईंची बोटं संधिवाताने वाकडी, सून हातमोजे चढवूनही तोंड फिरवून उभी. "मॉम, दुकानातलं आणलं असतं ना टबातलं, ग्रँड असतं ते." मी पदर खोचला, म्हणजे कार्डिगनच्या बाह्या वर सारल्या, आणि दोघींना बाजूला व्हायला सांगितलं. पाणी कढत हवं पण उकळतं नको, उकळत्याने घाण आणखी घट्ट बसते. मीठ चोळायचं, उलटं करायचं, सुरीच्या पाठीने खरवडायचं, कडेपासून आत. कुणी सांगत होतं का मला? नाही. हात चालत होते. विहीणबाई शेजारी स्टूल ओढून बसल्या. "हेन, हे तुम्ही आधी केलंय." हेन म्हणजे कोंबडी. तिकडे लाडाने म्हणतात, नाहीतर मी उत्तर दिलं असतं. "नाही," मी म्हटलं, "बघितलंय." "कुणाला?" "आईला." मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "त्या कशी करायच्या? मसाला काय घालायच्या?"

सिस्टर, मला सांगता आलं नाही.

धुणं मला येतं, कारण ते अंगणात व्हायचं आणि मी लहानपणी शेजारी उकिडवी बसायचे. फोडणी चुलीवर, आणि चुलीजवळ जायच्या वयात मला शेजारच्या घरी अभ्यासाला पाठवलेलं. खोबरं भाजून घालायची की नाही, तीळ असायचे का, आंबटाला काय, काही म्हणजे काही माहीत नाही. आई गेली, वडील गेले, मावशा गेल्या. कुणाला फोन लावू? साऱ्या जिल्ह्याचे ट्रंक कॉल जोडून दिले मी, तुमच्या इंग्रजीच्या जोरावर.

रविवारी दिवसभर पातेलं चढलेलं होतं. सगळं शिजवून, बारीक करून, भाजलेले ओट्स, कांदा, चरबी, मिरी मिसळून पोटात भरलं. मीच सुई-दोऱ्याने शिवलं. फुटू नये म्हणून टाचणीने टोचलं. संध्याकाळी मुलाने फोनवर बॅगपाइप लावला, विहीणबाईंनी सुरी उगारून कविता म्हटली, एक शब्द कळेल तर शपथ. मी विचारलं, तुमच्याकडे नन्ससुद्धा खातात का हे? त्या इतक्या हसल्या की सुरी खाली ठेवावी लागली. "नन्स? माझ्या शाळेत सगळ्यांत मोठं पातेलं त्यांचंच असायचं! तुमच्या सिस्टर कुठल्या?" मी तुमच्या बेटाचं नाव सांगितलं. "अगं बाई, मग झालंच! तिथे मेंढ्यांशिवाय होतं काय? जिभेपासून खुरांपर्यंत सगळं खायचे ते."

सून म्हणाली, कदाचित त्यांनाही कुणीतरी असंच लाजवलं असेल. कुणी इंग्लिश मदर सुपिरियर वगैरे. असेल. मग तर तुम्हांला अधिक कळायला हवं होतं. ज्याचा हात एकदा पोळलाय तो दुसऱ्याचा हात धरून तव्यावर ठेवत नाही.

नात माझ्या ताटाकडे बघत होती. तिला मराठी कळतं, पण बोलते इथल्यासारखं. "आजी, इट्स ग्रँड, जस्ट ईट इट." मी खाल्लं. मसाला नाही, तिखट नाही, ओट्सचा भरडपणा आणि मिरीचा ठसका. पण त्या सगळ्याच्या तळाशी ते होतं, माझ्या डब्यातलं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. समोर विहीणबाईंनी पहिला घास नाकाजवळ नेला, डोळे मिटले, थोडा वेळ तशाच थांबल्या. आणि मला आठवलं, माझा डबा नाकाजवळ नेलात तेव्हा तुम्हीही डोळे मिटले होतेत. तशाच थांबला होतात. इतकी वर्षं मी समजत होते की ती किळस होती.

तर खुलासा हवा आहे. तोंडाला पाणी सुटलं होतं का, सिस्टर? घरची आठवण आली होती का? मग एक घास मागून घ्यायचा. मी दिला असता. आईला जाऊन सांगितलं असतं की सिस्टरनी खाल्लं, आणि तिने दर सोमवारी तुमचा वेगळा डबा भरला असता.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते मला कळतं. पत्ता नाही म्हणून नव्हे. तुम्ही नुसतं "सॉरी, चाइल्ड" एवढं जरी लिहिलंत तरी मी विरघळेन, आणि इतक्या स्वस्तात सुटलेलं मला चालणार नाही. तरीही उत्तर हवंच. येत्या बुधवारी तुमचा उपवासाचा काळ सुरू होतो, मग मांसाविषयी बोलायचं नाही म्हणून तुम्ही हात वर कराल. तेव्हा त्याच्या आत. मंगळवार, सतरा फेब्रुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत. लेखी.