पडद्याच्या जागी भिंत

काष्टी,
ता. १९ जानेवारी २०२५

ती. स्व. रंगुआत्यास,
अश्विनीचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि अकोल्याला यायला मला सवड नाही, म्हणून दुपारी दवाखाना बंद करून लिहायला बसले आहे. पाय समोरच्या खुर्चीवर टाकलेत. इतके ठणकतात, की तुझ्या तेहतीस वर्षांच्या नर्सगिरीला इथूनच हात जोडते.

दवाखान्यासाठी दोन गाळे घेतले ते तुला ठाऊक आहेच. आखणी माझीच. बाहेर बाकं, आत माझं टेबल, मध्ये निळा पडदा. पडदा सरकवला की पुढचा पेशंट आत, मिनिटभर वाया जात नाही. बाजारच्या दिवशी सत्तर जण तपासून होतात. फार अभिमान होता मला या आखणीचा.

दिवाळीनंतर कडूबाई नावाच्या एक बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, शेतात राबणाऱ्या. काय होतंय विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाल्या. गोळ्या दिल्या, गेल्या. काल सून त्यांना घेऊन आली. छातीत लिंबाएवढी गाठ. तेव्हाच का नाही सांगितलं, असं मी जरा रागानंच विचारलं. तर म्हणाल्या, डाक्टरीणबाई, पडद्याच्या पल्याड आमचं थोरलं दीर बसल्यालं हुतं, कसं सांगू?

नगरला पाठवलंय त्यांना. पण अडीच महिने गेले ना आत्या! आज सकाळपासून पडद्याला हात लावायचं जिवावर येतंय. काय करू ते कळव. या दमलेल्या भाचीवर माया असू दे.

तुझी,
अश्विनी


अकोले,
ता. २७ जानेवारी

चि. अश्विनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. रडून झालं असेल तर आता ऐक.

आरोग्य केंद्रात असताना मीही बायकांना रांगेत उभं करून पाळी कधी आली ते मोठ्यानं विचारायचे. काम लवकर उरकायचं म्हणून. किती जणी खोटं सांगून गेल्या असतील कोण जाणे. एकीनं तर दिवस गेल्याचं लपवलं, ती तिसऱ्या दिवशी रक्तस्रावानं गेली. हे मी तुझ्या बापालाही कधी सांगितलेलं नाही.

एक सकाळ तुझ्या जागी कुणाला तरी बसव आणि तू पेशंटांच्या बाकावर बस. डोक्याला रुमाल गुंडाळ, तोंड मिटून घे. मग काय बदलायचं ते तुझं तुलाच कळेल.

आणि जेवत जा. वाळल्येस म्हणे. सुईणीसारखी मोठी पिशवी घेऊन हिंडतेस, त्यात एक डबा मावत नाही होय?

तुझी,
रंगुआत्या


काष्टी,
ता. २० एप्रिल

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला फार उशीर झाला. श्रीगोंद्याची माझी मैत्रीण मोनिका डॉक्टर आहे, तिला टेबलावर बसवून मी बाकावर बसले. दहा वाजल्यापासून ऊन थेट तोंडावर. उठायला आधार नाही. मोनिकाचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. पडद्याआड कुणी कण्हलं की सगळं बाक गप्प होऊन कान द्यायचं. अकरापर्यंत मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग गोरक्ष मिस्त्रींना बोलावून पडद्याच्या जागी विटांची भिंत घातली, आतून कडी लागणारं दार बसवलं. बाकं सावलीच्या बाजूला नेली, उठताना धरायला दांडी लावली. आता दिवसाला चाळीसच पेशंट होतात. माणसं कुरकुरतात, काही दुसरीकडे जातात. मी मात्र पूर्वीइतकीच दमते.

कडूबाईंचं ऑपरेशन झालं. औषधं अजून बरेच दिवस चालायची आहेत. गाठ आधी कळली असती तर बरं झालं असतं, असं नगरचे डॉक्टर म्हणाले. ते ऐकून घेतलं.

काल त्या एकट्याच आल्या. कडी त्यांनीच लावली. मी तपासायला उठले तर नको म्हणाल्या. घरात सारखं कुनीतरी बघाया येतंय, इथं जरा येकटीच बसू का, असं त्यांनी विचारलं. बाहेर अकरा जण ताटकळले होते. मी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ ठेवला, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. तोवर दोन पोरांचे खोकले बाकावरच तपासले.

अर्ध्या तासानं त्या बाहेर आल्या. डोळे लाल होते, पदर नीट केलेला होता. यिते म्हणाल्या आणि एसटी स्टँडकडे चालू लागल्या. मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

डोळे मिटताहेत, इथंच थांबते. तुझी माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी,
अश्विनी